हरणटाकळीची हमी

हरणटाकळीतल्या मल्टीस्टेटचं शटर उघडलं नाही त्या सकाळी सरपंच पंचशीला ओव्हाळ हिला सगळ्यात आधी हायसं वाटलं. एरवी गावात काही बिघडलं की गर्दी तिच्या दारात. नळ आला नाही, गटार तुंबली, खांबावरचा दिवा गेला, कुणाच्या म्हशीनं कुणाची तूर खाल्ली, सगळं आधी सरपंचबाईंकडं. त्या दिवशी मात्र गर्दी तिचं घर ओलांडून सरळ वरच्या आळीला, राधाकिशन आबांच्या बंगल्याकडं गेली. पंचशीला दारात उभी राहून बघत होती. सरपंच झाल्यापासून तिनं पहिल्यांदाच गरम चहा गरम असताना प्यायला.

मल्टीस्टेट म्हणजे ठेवी घेणारी, कर्ज देणारी सहकारी पतसंस्था. एकाहून जास्त राज्यांत शाखा असतात म्हणून तसं नाव. तिचं पूर्ण नाव इतकं लांब होतं की पाटीवर ते दोन ओळींत बसवलं होतं, त्यामुळं गावानं ते कधी पूर्ण वाचलंच नाही. सरकारी बँक तालुक्याला, वडवणीला. तिथं रांगेत उभं राहायचं, आणि सही जुळत नाही म्हणून बोलणी खायची ती वेगळी. इथं दारातच गार हवा, बसायला खुर्ची, वाकून नमस्कार करणारी पोरं आणि वर व्याज जास्त. गावातले मोठे बागायतदार आणि मागचे सरपंच राधाकिशन आबा यांनी ही शाखा गावात आणली होती. त्यांनी स्वतःच्या उसाचं बिल आणि धाकट्या पोरीच्या लग्नाची ठेव तिच्यात ठेवली, म्हणून खवाभट्टीवाल्या शहादेवानं ठेवली, शहादेवानं ठेवली म्हणून बाकीच्यांनी ठेवली. ऊसतोडीहून आलेली माणसंसुद्धा गाठोडं घरी सोडायच्या आधी तिथं जाऊन यायची.

पंचशीलाच्या घरात तिची सासू केशरबाई हिची ठेव होती. आयुष्यभर लोकांच्या रानात खुरपून, शेरडं विकून तिनं ती जमवली होती. पुढच्या हिवाळ्यात वस्तीतल्या बायकांबरोबर बोधगयेला जायचं, तिथल्या बोधिवृक्षाखाली बसायचं, एवढंच तिच्या मनात होतं. ती त्या सकाळी गर्दीबरोबर वर गेली आणि तासाभरानं परत येऊन ज्वारी निवडायला बसली. निवडलेली ज्वारी तिनं पुन्हा निवडली.

पंचशीलाचं हायसं वाटणं दहा वाजेपर्यंत टिकलं. दहा वाजता ग्रामसेवक आदिनाथ कार्यालयात आला आणि डोक्यावरचं हेल्मेट न काढताच खुर्चीत बसला. त्यानं सांगितलं की ग्रामपंचायतीचा स्वनिधी, म्हणजे घरपट्टी, पाणीपट्टी आणि गाळ्यांच्या भाड्यातून येणारा गावाचा स्वतःचा पैसा, तोही त्याच मल्टीस्टेटमध्ये होता. आबांच्या काळातला ठराव होता. खातं बदलू, बदलू म्हणता म्हणता राहून गेलं होतं.

"मंग आता पंचायत पन बुडाली का?" तिनं विचारलं.

"पंचायत नाही बुडाली, मॅडम. नव्या पाण्याच्या पाइपलाइनसाठी सरकारकडून आलेला वित्त आयोगाचा निधी सरकारी बँकेत आहे, त्याला काही झालेलं नाही. पण रोजचा खर्च ज्यातून चालतो तो पैसा गेला. पंपाचं वीजबिल, शिपायाचा पगार, ब्लिचिंग पावडर, सगळं."

एवढ्यावर थांबलं असतं तरी निभावलं असतं. पण पैसे अडकण्याची ही नुसती सुरुवात होती. मल्टीस्टेट ज्या गाळ्यात होती तो गाळा पंचायतीचाच, तेव्हा त्याचं भाडं थांबलं. मग घरपट्टी थांबली. आदिनाथ वसुलीला निघाला की लोक त्याला प्रेमानं बसवून चहा देत आणि मग ठेवीची पावती पुढं करत. एवढी मोठी रक्कम आमची तिथं आहे, पंचायतीचं खातंही तिथंच आहे, तर घरपट्टी तिकडंच वळती करून घ्या, असं त्यांचं म्हणणं. शहादेवानं तर पावतीची झेरॉक्सच काढून दिली आणि उरलेले पैसे परत द्या म्हणाला. आदिनाथनं पहिले काही दिवस समजावून सांगितलं. नंतर तो नुसता चहा पिऊन परत येऊ लागला.

शहादेवाचंही खोटं नव्हतं. खव्यासाठी रोज दूध घ्यायचं तर रोज रोख लागते, आणि त्याची रोख शटरच्या आत. भट्टी थंड पडली. भट्टी थंड म्हणून त्याला दूध घालणाऱ्या घरांचे पैसे बंद. त्यांचे बंद म्हणून किराणावाल्याची उधारी वाढली आणि किराणावाल्यानं गाळ्याचं भाडं देणं सोडलं. गावात येणारी काळीपिवळी जीप पंचशीलाचा नवरा संजय चालवायचा. तो सांगू लागला की वडवणीच्या बाजाराला माणसं जातात तशीच, पण येताना पिशव्या रिकाम्या असतात. पंचशीलाला हिशेबाची फार हौस नव्हती, पण या दोन महिन्यांत तिच्या एक गोष्ट ध्यानात आली. पंचायतीचा पैसा म्हणून वेगळा काही नसतो. लोकांच्या खिशात असतो तोच फिरून तिच्याकडं येतो, आणि लोकांचा खिसा फाटला की पंचायतीचाही फाटतो.

पोळा झाला आणि राधाकिशन आबा पंचायतीत आले. पुष्कळ दिवसांनी आले होते. मिशा पिकल्या होत्या, की आधीच पिकलेल्या होत्या आणि कलप लावायचं सोडलं होतं, ते कळत नव्हतं. ते बीडहून एक तोडगा घेऊन आले होते. मल्टीस्टेटची माणसं म्हणत होती की संस्था बुडालेली नाही, नुसती अडकली आहे. आजूबाजूच्या ग्रामपंचायतींनी आपापला वित्त आयोगाचा पैसा वर्षभर ठेव म्हणून ठेवला आणि गावातल्या ठेवींना हमी दिली, तर शाखा पुन्हा उघडेल, लोकांचा विश्वास बसेल आणि सगळ्यांचे पैसे हळूहळू निघतील. दोन गावांनी ठराव केला होता. हरणटाकळीनं केला की काम होणार.

आदिनाथ म्हणाला की हे नियमात बसत नाही. आबा म्हणाले की नियम वरची माणसं बघून घेतील, गावाचा ठराव पाहिजे. पंचशीलानं दोघांचं ऐकून घेतलं आणि ग्रामसभा लावली.

ग्रामसभेच्या आदल्या संध्याकाळी केशरबाई भाकरी थापता थापता म्हणाली की तिला यातलं काही कळत नाही, पण पैसे देऊन पैसे सुटत असतील तर देऊन टाकावेत. पंचशीलाला स्वतःलाही रात्रभर तेच वाटत राहिलं. उघडली तर? आपण अडून बसलो आणि शेजारच्या गावांचे पैसे निघाले तर? सरपंचपद राखीव झालं म्हणून ती या खुर्चीत बसली, हे गाव तिला अधूनमधून आठवण करून देतच होतं. ती चुकली असती तर गावानं पुढच्या तीन पिढ्या सांगितलं असतं.

शाळेच्या पटांगणात एवढी मोठी ग्रामसभा गावानं पाहिली नव्हती. एरवी कोरम भरावा म्हणून आदिनाथला चहाच्या टपरीवरून माणसं ओढून आणावी लागत. आज भिंतीवर माणसं बसली होती. आबांनी तोडगा सांगितला, चांगला सांगितला. त्यांचा आवाज शेवटी शेवटी थोडा हलला, तेव्हा लोकांना त्यांची दया आली आणि तोडगाही पटला. मग पंचशीला उठली.

"आबा, हमी म्हंजे काय ते मला सांगा," ती म्हणाली. "मल्टीस्टेटनं पैसे न्हाई दिले तर ते पंचायतीनं द्यायचे. बरोबर? आन पंचायत कुठून देनार? घरपट्टीतून. घरपट्टी कोन भरतं? तुमीच. म्हंजे तुमचं बुडालेलं तुमीच तुमाला भरून देनार. मंग पंचायत मधी कशाला पाहिजे?"

काही लोक हसले. पण ते हसणं तिच्या बाजूचं नव्हतं. मागून शहादेव उभा राहिला. दोन महिन्यांत त्याची ढेरी उतरली होती आणि आवाज चढला होता.

"ते सोडा. पाइपलाइन तुमच्या वस्तीकडं जायची हाय, म्हनून पैसा धरून बसल्यात तुमी. आमचं बुडलं तरी चालंल, तुमच्या दारात नळ आला पाहिजे."

पंचशीलाच्या मनात पुष्कळ काही आलं. वस्तीतल्या बायका उन्हाळ्यात कुठून पाणी आणतात, कुणाच्या आडावर किती वेळ ताटकळतात, हे या पटांगणातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. ते बोलली असती तर ग्रामसभा तिथंच मोडली असती. तिनं पदर नीट केला.

"पाइपलाइन टाकीपासून वेशीपर्यंत, वेशीपासून तांड्यावर, आन तांड्यावरून आमच्या वस्तीत येती. माझं घर सगळ्यात शेवटी हाय. मधीच पैसा संपला तर नळ येनार न्हाई तो माझ्या दारात. शहादेवभाऊ, तुमच्या गल्लीत पहिल्याच आठवड्यात येईल."

शहादेव बसला. पण लोकांना पाणी नको होतं, पैसे हवे होते. आदिनाथनं हात वर करायला सांगितले. हमीच्या बाजूनं हात वर झाले ते इतके की मोजायची गरजच नव्हती. बायकांच्या बाजूला, पुढून दुसऱ्या ओळीत, केशरबाईचा हात वर होता. ती सुनेकडं बघत नव्हती. हात मात्र सरळ होता.

पंचशीलानं ते पाहिलं. मग ती आदिनाथला म्हणाली, "भाऊसाहेब, काय झालं ते झालं तसं लिहा. पन पैसे काढायला माझी सही लागती, आन ती मी करनार न्हाई. मला काढायचं असंल तर अविश्वास आना. माझ्या जागी जो येईल त्यानं करावी."

आणि तेव्हा गावानं आदिनाथला उभं राहिलेलं पाहिलं. "दुसरी सही माझी लागते," तो म्हणाला, "आणि मीपण करणार नाही." एवढं बोलून तो बसला आणि त्यानं बाटलीतलं पाणी पिता पिता अर्धं शर्टावर सांडलं.

अविश्वास काही आला नाही. सदस्यांनी दोन बैठका घेतल्या, पण पुढचा सरपंच कोण यावर त्यांचं जमेना, कारण रिकाम्या तिजोरीची खुर्ची कुणालाच नको होती. गाव मात्र पंचशीलाशी बोलेनासं झालं. दुकानात गेली की बोलणं थांबे. संजयच्या गाडीत माणसं बसत, पण पुढच्या सीटवर कुणी बसेना. आणि केशरबाईनं घरचा चहा सोडला. स्वयंपाकाला ती हात लावायची, नातवंडांच्या वेण्या घालायची, सगळं करायची. पण सुनेनं चहा ठेवला की उठून शेजारच्या छबुबाईकडं जायची आणि तिथं चहा प्यायची. छबुबाईचा चहा म्हणजे पाण्याला रंग. केशरबाईला तो आवडत नव्हता, हे सगळ्या वस्तीला माहीत होतं. तरी ती दोन्ही वेळा जायची.

दसऱ्याच्या तोंडावर पंपाची वीज कापली गेली. बिल कितीतरी दिवस थकलं होतं, कापणाऱ्याचाही इलाज नव्हता. टाकी दोन दिवसांत कोरडी पडली आणि आता गर्दी पुन्हा पंचशीलाच्या दारात आली, रिकाम्या घागरी घेऊन.

ती त्याच दुपारी राधाकिशन आबांच्या मळ्यात गेली. आबा बंगल्यावर राहणं सोडून मळ्यातल्या पत्र्याच्या खोलीत राहत होते. बंगल्याच्या दारात रोज कुणीतरी बसलेलं असे, आमचे पैसे कधी, म्हणत. आबांचे स्वतःचे गेलेच होते आणि धाकट्या पोरीचं लग्न पुढं ढकललं होतं. पंचशीलाला बांधावरून येताना पाहून ते आत जायला निघाले, मग थांबले.

"काय बोलायचं ते बोला," ते म्हणाले. "तुमचं बरोबर होतं, आमचं चुकलं. गावात सांगू का भोंगा लावून?"

"त्याच्यासाठी न्हाई आले, आबा. तुमच्या हिरीला पानी लई हाय. पंप सुरू होस्तोवर गावाला पानी पाहिजे."

आबांनी तिच्याकडं पाहिलं. मग खोलीच्या उंबऱ्यावर बसले.

"तीन-चार म्हैने झाले, रोज मान्सं येत्यात," ते म्हणाले. "सगळे माझ्याकडं न्हाई ते मागत्यात. माझ्याकडं हाय ते मागायला तुमीच आल्या."

दुसऱ्या दिवशी आबांनी विहिरीवरून वेशीपर्यंत पाइप टाकला, स्वतःच्या खर्चानं, आणि सकाळ-संध्याकाळ मोटार चालू करून वेशीत स्वतः उभे राहू लागले. घागरी भरताना लोक त्यांच्याशी आधी अवघडून बोलले, मग नेहमीसारखे. मल्टीस्टेटचा विषय तिथं निघेना. पाणी भरायला आलेल्या माणसाला घाई असते.

पाण्याची सोय झाली तशी पंचशीला दुसऱ्या कामाला लागली. पाइपलाइनचं काम मंजूर होतं, ठेकेदार ठरला होता. वडवणीचा सोमेश्वर, गोरा, गोलमटोल, सतत फोनवर बोलणारा. स्टँडजवळच्या हॉटेलात भजी खात तो तिला म्हणाला की जेसीबी लावतो, आठवड्यात पाइपची चारी खणून मोकळा. तिनं सांगितलं की चारी माणसांनी खणायची, गावातल्या. खडक लागेल तिथं जेसीबी आणा, मुरूम आणि माती गावाला सोडा. सोमेश्वरनं फोन बाजूला ठेवला. त्याला हे परवडणारं नव्हतं. मशीन रुसत नाही, सुट्टी मागत नाही, आणि गावातल्या माणसांचा काय भरवसा, दोन दिवस येतील आणि तिसऱ्या दिवशी कुणाच्या तरी बाराव्याला जातील.

पंचशीलानं हे सगळं मान्य केलं आणि मग आपलं म्हणणं मांडलं. मशीनचा पैसा गावात येत नाही. तो डिझेलमध्ये आणि मालकाच्या खात्यात जातो. माणसांना दिलेला पैसा संध्याकाळी गावातल्याच दुकानात जातो. दुकानदार भाडं देतो, खवेवाला दूध घेतो, घरपट्टी येते, आणि सोमेश्वरचं शेवटचं बिलही वेळेवर निघतं, कारण कार्यालयात वीज असते आणि आदिनाथ जिवंत असतो.

"अन् मान्सं आली न्हाईत तर?" सोमेश्वरनं विचारलं. "हमी कोन घेनार?"

"ही हमी मी घेते," पंचशीला म्हणाली.

तिनं दुसरी प्लेट भजी मागवली, तीही सोमेश्वरच्याच पैशांनी, आणि काम ठरवून उठली. मजुरी दर शनिवारी, रोख, हा तिचा शेवटचा हट्ट होता. सोमेश्वरनं तोही मानला, कदाचित भजी संपवायला उशीर होत होता म्हणून.

पहिल्या दिवशी चारीवर वस्तीतली आणि तांड्यावरची माणसं तेवढी आली. वरच्या आळीनं बांधावरून बघितलं. पहिला शनिवार झाला, लोकांच्या हातात नोटा दिसल्या, आणि सोमवारी जागा पुरेना. दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणाऱ्या टोळ्या निघाल्या, तरी दोन-तीन जोड्या या वर्षी मागं राहिल्या. शहादेव आला तो डोक्यावर टॉवेल पार डोळ्यांपर्यंत ओढून, जणू त्यामुळं त्याला कुणी ओळखणार नव्हतं. पंचशीलानं ओळख दिली नाही. त्याला वेशीजवळचा मऊ तुकडा मिळावा, एवढं मात्र तिनं मुकादमाला सांगून ठेवलं.

आणि दुसऱ्या आठवड्यात केशरबाई आली. कमरेला पदर खोचून, हातात टोपलं घेऊन.

"आत्याबाई, तुमाला न्हाई जमायचं हे," पंचशीला म्हणाली. ग्रामसभेनंतर त्या दोघींचं एवढं लांब वाक्य पहिलंच.

"का म्हून? मला जमत न्हाई ते तू ठरवनार?"

बरीच ओढाताण झाली. शेवटी मुकादमानं केशरबाईला माणसांना पाणी द्यायच्या कामावर घेतलं. ती डोक्यावर कळशी घेऊन चारीच्या कडेकडेनं फिरायची, कोण खणतंय आणि कोण नुसतं फावड्याला टेकलंय ते मोठ्यानं सांगायची. तिच्या भीतीनं काम जरा लवकरच पुढं सरकलं, असं सोमेश्वर नंतर म्हणाला. पहिली मजुरी हातात आली त्या शनिवारी ती पंचायतीत गेली आणि आदिनाथपुढं नोटा ठेवून घरपट्टी घ्या म्हणाली. आदिनाथनं पावती फाडली. ती नीट बघून घेऊन तिनं कनवटीला लावली आणि घरी जाऊन सुनेला म्हणाली, "चहा टाक. छबीचा चहा पिऊन पिऊन जिभंची चव गेली."

पंचशीलानं चहा टाकला. साखर जास्त पडली. केशरबाईनं तो सगळा प्यायला. मग कप खाली ठेवून ती म्हणाली की त्या दिवशी हात वर केला तो सुनेविरुद्ध नव्हता. बोधगया डोळ्यांपुढं होती, तेव्हा हात आपोआप गेला. पंचशीला म्हणाली, मला माहीत होतं. ते खरं नव्हतं, पण आता झालं.

पैसा आला तो काही धो धो आला नाही. हळूहळू आला. किराणावाल्यानं थकलेल्या भाड्यातलं एका महिन्याचं भाडं दिलं. आणखी काही घरांनी अर्धी घरपट्टी भरली. आदिनाथनं वीजबिलाचे हप्ते पाडून घेतले आणि पहिला हप्ता भरून पंप चालू झाला. त्या संध्याकाळी आबांनी मोटार बंद केली आणि दुसऱ्या दिवशी बंगल्यावर परत राहायला गेले. मार्गशीर्षात शहादेवानं साठवलेल्या मजुरीतून थोडं दूध घेतलं आणि भट्टी पेटवली. पहिल्या दिवशी एकच कढई. आटणाऱ्या दुधाचा वास चारीवर आला तेव्हा माणसं कुदळी टेकवून उभी राहिली. पहिला खवा कढईतून निघाला तो शहादेवानं केळीच्या पानात बांधून पंचशीलाच्या घरी पाठवला. स्वतः आला नाही. निरोपही नव्हता. केशरबाईनं त्याचे गुलाबजाम केले.

मल्टीस्टेट उघडली नाही. ज्या दोन गावांनी ठराव करून पैसे ठेवले होते, तेही त्यात अडकले. त्यांचे सरपंच हरणटाकळीच्या चारीवर येऊन बघून गेले आणि पंचशीलाला विचारत राहिले की तुम्हाला आधीच कसं कळलं. तिनं खरं ते सांगितलं. कळलं काहीच नव्हतं, भीती वाटली होती.

पुढं संस्थेवर प्रशासक आला आणि ठेवीदारांचे दावे घ्यायला बीडला टेबलं मांडली गेली. संजयच्या गाडीत सगळे मिळूनच गेले. पुढच्या सीटवर आबा, मागं केशरबाई, शहादेव, छबुबाई आणि पंचायतीचा शिक्का पिशवीत घेऊन पंचशीला. स्वनिधीचा दावा पंचायतीलाही करायचा होता. मंडपाखाली लांबच लांब रांग होती. जिल्ह्यातून माणसं आली होती, भाकरी बांधून. अशा किती पंचायती, किती शाळा, किती सोसायट्या रांगेत असतील, याचा पंचशीला विचार करत होती. तिच्या पुढं एक म्हातारा मास्तर होता आणि त्याच्या पुढं केशरबाई.

दुपार झाली तसे हरणटाकळीकरांनी रांगेतच धपाटे सोडले. शहादेवानं आणलेला खवा हातोहात गेला. आबांनी मास्तरालाही दिला. मास्तरानं विचारलं की ही बाई कोण, सगळ्यांना सांभाळून घेतेय ती. आबा म्हणाले, आमच्या सरपंच.

"पैसे मिळतील का ग?" केशरबाईनं मागं वळून विचारलं.

"मिळतील तवा मिळतील. थोडे मिळतील," पंचशीला म्हणाली. "गावाचे पन अन् तुमचे पन. धरून चालू नका, आत्याबाई."

"मी कुठं धरून चालले?" केशरबाई म्हणाली. चारीची उरलेली मजुरी तिनं पोस्टात टाकली होती. तेवढ्यात बोधगया होत नव्हती, हे तिलाही ठाऊक होतं. पण औरंगाबादच्या लेण्यांपर्यंत जाऊन येता येईल, असं तिनं छबुबाईशी ठरवलं होतं. सुनेला सुट्टी मिळाली तर तिलाही न्यायचं होतं. हे सगळं तिनं रांगेत सांगितलं, मास्तराच्या खांद्यावरून.

तेवढ्यात रांग चार पावलं पुढं सरकली. केशरबाई घाईनं जागेवर गेली आणि सुनेला म्हणाली, "सरपंच असशील तू गावात. हितं माझा नंबर तुझ्या आधी हाय."